फौजदाराचं इंग्रजी

आकाराम चौगुले फौजदार झाला ही बातमी आमच्या पेठेत पसरली, तेव्हा त्याची फौजदारकीची मुख्य परीक्षा अजून व्हायची होती.

झालं होतं एवढंच, की तो पूर्व परीक्षा पास झाला होता. ही परीक्षा म्हणजे चार जिन्यांची माडी. पूर्व, मुख्य, मैदानी आणि मुलाखत. आकाराम पहिला जिना चढून कठड्याला धरून उभा होता. पण तालमीच्या दारात येऊन तो ‘पास झालो’ एवढंच म्हणाला, आणि आमच्या पेठेत पुढचं वाक्य ऐकून घ्यायची पद्धत नाही.

तालमीचे अध्यक्ष हंबीरदादा. त्यांचं तालमीला लागूनच मिरची कांडप आहे. उन्हाळ्यात चटणीचा मोसम आला की दादांशी बोलायला येणारा प्रत्येक माणूस डोळे पुसत बोलतो, आणि त्यामुळं दादांचा कायमचा समज झालाय की पेठेला त्यांच्याविषयी फार माया आहे. तर दादांनी मला मिठी मारली, आकारामला मिठी मारली, आणि संध्याकाळच्या आत तालमीच्या भिंतीवर फ्लेक्स चढवला. ‘फौजदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ अंगात खाकी वर्दी, कमरेला पिस्तूल, डोळ्यांवर गॉगल. मुंडकं आकारामचं होतं. धड कुणाचं होतं ते आजतागायत कळलेलं नाही. मात्र त्या धडाच्या बोटात लग्नाची अंगठी होती, त्यामुळं आकारामच्या आईला बायका विचारत राहिल्या, ‘‘लगीन कवा उरकलंसा? आमास्नी सांगितलं बी न्हाईसा!’’ फ्लेक्सच्या खालच्या बाजूला शुभेच्छुकांची रांग होती. तालमीची झाडून सगळी पोरं, एक तान्हं बाळ, आणि दिवाळीत म्हशींच्या रोड शोमध्ये नंबर काढलेली दादांची म्हैस. म्हशीच्या नावाआधी ‘कु.’ लावलेलं होतं.

मी दादांना समजावायला गेलो. मी म्हणजे विश्वजित. आकारामच्या शेजारच्या खुर्चीवर बसून अभ्यास करायचो. मी पूर्व परीक्षेतच गळालो होतो, त्यामुळं माझ्याबद्दल पेठेची काही तक्रार नव्हती.

‘‘दादा, अजून मुख्य परीक्षा हाय.’’

‘‘मग ही कसली हुती?’’

‘‘ही पूर्व.’’

‘‘पूर्वंला काय उगवतंय?’’

‘‘सूर्य.’’

‘‘मग उगवला की! गप बस.’’

‘‘पण दादा, फ्लेक्स तेवढा काढला तर…’’

दादांनी कांडपाचं मशीन बंद केलं. हे ते फक्त मयतीला करतात. ‘‘इश्वा, लावल्याला फ्लेक्स काढत्यात व्हय? पलीकडच्या पेठंनं बघितलाय त्यो.’’

तिथं विषय संपला. पलीकडच्या पेठेनं बघितलेली गोष्ट मागं घेता येत नाही, मग तो फुटबॉलचा गोल असो की फौजदार.

आमची अभ्यासिका तालमीच्या वरच्या मजल्यावर होती. खाली लाल माती, वर आम्ही. खुर्च्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयातून आलेल्या, पाठीवर ‘वरपक्ष’ नाहीतर ‘वधूपक्ष’ रंगवलेलं. बसायच्या आधी आपण कुठल्या बाजूचे ते बघायची सवय लागली होती. खालून घामाचा आणि तेलाचा वास यायचा, शेजारून चटणीचा. भारताच्या राज्यघटनेतला बहुतेक भाग मी शिंकत पाठ केला आहे. आजही कुणी मूलभूत हक्क म्हटलं की माझ्या नाकात हुळहुळतं.

आता मी गोंदियाला एका कार्यालयात लिपिक आहे. इथली खोली शांत आहे, खुर्ची कुठल्याच पक्षाची नाही आणि शिंक येत नाही. मला पुन्हा त्या अभ्यासिकेत जाऊन बसावंसं वाटतं. पण ते असो.

आकाराम तालमीतच वाढलेला. खांदे असे, की अभ्यासिकेच्या दारातून तो तिरका होऊन आत यायचा. मैदानी परीक्षेची चिंता त्याला नव्हती, असली तर मैदानाला असेल. इतिहास, भूगोल त्यानं घोटून घोटून अंगात जिरवला होता. राहिलं इंग्रजी. इंग्रजीच्या प्रश्नाला तो चार पर्यायांतला सगळ्यात लांब पर्याय निवडायचा. ‘‘एवढं लांबडं खोटं कोण कशाला बोलंल?’’ हे त्याचं तत्त्व. आणि वयात बसायची ही त्याची शेवटची खेप होती. यंदा मुख्य परीक्षा निघाली तर निघाली, नाहीतर त्या भिंतीवरचा खाकी आकाराम तिथंच राहणार आणि खालून जाणारा आकाराम आयुष्यभर त्याच्या नजरेखालून जाणार.

त्याला इंग्रजी शिकवायची जबाबदारी दीपा मगदूमनं घेतली. दीपाही पूर्व पास झाली होती. तिचाही फ्लेक्स लावायचा दादांनी घाट घातला होता, पण ‘‘आमच्या घरात असलं चालत नाही, काका,’’ असं ती इतक्या शांतपणे म्हणाली, की दादांनी छापायला दिलेला फोटो परत आणून दिला. दीपाचं घर जैन, सूर्य मावळायच्या आत जेवण. त्यामुळं इंग्रजीचा तास उन्हं कलली की संपायचा. बाहेर अंधारायला लागलं की आकारामच्या तोंडावर उजाडायचं.

‘‘मॅडम, सूर्य गेला बघा.’’

‘‘अजून आहे. ते गच्चीवरच्या टाकीवर ऊन दिसतंय का? सोडव पुढचं.’’

आकाराम टाकीकडं अशा नजरेनं बघायचा, की मला टाकीची काळजी वाटायची.

महिनाभरानं दीपानं दादांना गाठलं. ‘‘काका, माझ्या एका तासानं काही होणार नाही. ह्याला दिवसभर सराव पाहिजे. येता-जाता पाहिजे.’’

दादांनी पैलवानाच्या हिशेबानं विचार केला. ‘‘म्हंजे खुराक वाढवायचा.’’

‘‘तसंच समजा.’’

त्याच संध्याकाळी तालमीत बैठक बसली. पलीकडच्या पेठेतली पोरं एव्हाना फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून जाऊ लागली होती आणि आकाराम दिसला की ‘‘साहेब, पोस्टिंग कुठं?’’ असं गोड आवाजात विचारत होती. दादांनी उभं राहून सांगितलं, ‘‘पोरगं इंग्रजीत कच्चं हाय. कच्चं कुणामुळं? आपल्यामुळं. ल्हानपणापासनं त्येच्याशी एक तरी माणूस इंग्रजीत बोललाय व्हय?’’ सगळ्यांनी माना खाली घातल्या. अशी चूक आपल्या हातून झाली आहे हे पेठेला पहिल्यांदाच कळत होतं. ‘‘मग आता वाटून घ्या.’’

आणि इंग्रजी व्याकरण पेठेत वाटलं गेलं. फुटबॉलच्या संघात कोण कुठं खेळणार हे ठरवतात तसं.

दीपानं चिठ्ठ्या केल्या. प्रश्न इंग्रजी, पण अक्षरं मराठी, म्हणजे कुणालाही वाचता यावं. मागं उत्तराचा आकडा. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाळाबाईंकडं तुलनेचे प्रश्न गेले, कारण त्यांच्याकडं वांगी होती. पृथ्वीराजच्या सलूनला काळ मिळाले. रिक्षा स्टॉपला शब्दयोगी अव्ययं, म्हणजे ते ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’. आणि दादांनी स्वतःकडं ॲक्टिव्ह-पॅसिव्ह ठेवलं. ‘मिरची इज पाउंडेड बाय हंबीरराव’ हे वाक्य त्यांना फार आवडलं. आपलं नाव शेवटी, ‘बाय’ म्हणून, प्रमुख पाहुण्यासारखं येतं ह्याचं त्यांना कौतुक वाटे. गिऱ्हाईक ‘‘चटणी झाली का?’’ विचारायला आलं तर ते सांगत, ‘‘इट हॅज बीन पाउंडेड. घिऊन जा.’’

आकाराम घरातून निघाला की अडवणूक सुरू व्हायची.

‘‘थांब रं!’’ बाळाबाई भाजीवर पाणी मारता मारता चिठ्ठी काढायच्या. चष्मा लावायच्या. ‘‘धिस ब्रिंजल इज… टिंब टिंब… दॅन दॅट ब्रिंजल. एक, फ्रेश. दोन, मोअर फ्रेशर. तीन, फ्रेशर. चार, फ्रेशेस्ट. बोल.’’

आकाराम विचार करायचा. कपाळावर घाम. शेजारी मेथी निवडणारी बाईसुद्धा हात थांबवायची.

‘‘…दोन?’’

बाळाबाई चिठ्ठी उलटायच्या. मागं तीन. त्या आकारामच्या तोंडाकडं बघायच्या. मग चिठ्ठी पदरात लपवून म्हणायच्या, ‘‘बरोबर हाय, बाळा. जा.’’

हे दीपाला कळलं तेव्हा ती बाळाबाईंवर पहिल्यांदा चिडली. ‘‘मावशी, असं लाड करून चालणार नाही.’’

‘‘आगं, तोंड किती बारीक केल्तं त्यानं! आनि फरक कितीचा? एकाचा!’’

दुसऱ्या टोकाला पृथ्वीराज. त्याच्याकडं लाड नव्हते. तो आकारामला खुर्चीत मागं झोपवायचा, गळ्यावर वस्तरा टेकवायचा आणि मग विचारायचा, ‘‘नो सूनर हॅड द बफेलो सीन द वॉटर… पुढं?’’ आकाराम हलूही शकायचा नाही. डोळ्यांनी उत्तर द्यावं लागे. म्हशीनं पाणी पाहिलं रे पाहिलं की ती बसली, हे रंकाळा तलावावर लहानपणापासून बघितलेलं दृश्य इंग्रजीत गेल्यावर इतकं अवघड होतं, हे मला त्या सलूनमध्येच पटलं.

रिक्षा स्टॉपवर तर भांडणं लागली. पावणं रिक्षात बसतंय की रिक्षावर, ह्यावरून दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. आकाराम मध्ये पडून दोघांना सोडवत म्हणाला, ‘‘इन, इन! इन द रिक्षा!’’ आणि चिठ्ठी उलटली तर ते बरोबर होतं. त्या दिवशी स्टॉपवर पेढे वाटले गेले.

आकारामच्या आईला सगळी पेठ आक्का म्हणते, आकारामसुद्धा. आक्कानं दीपाकडून एकच वाक्य मागून घेतलं होतं. सकाळी ताटात भाकरी टाकून ती तो जेवेपर्यंत थांबायची आणि मग विचारायची, ‘‘हॅव यू ईटन?’’

‘‘येस, आय हॅव.’’

हे उत्तर तो कधी चुकला नाही.

पण असा सराव चालला की एक निराळीच गोष्ट होते. चिठ्ठ्या त्याच त्याच फिरत होत्या, आणि आकारामला प्रश्नांऐवजी आकडे पाठ होऊ लागले. बाळाबाई लांबून दिसल्या की तो ओरडायचा, ‘‘तीन!’’ बाळाबाई म्हणायच्या, ‘‘शाब्बास!’’ रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला वाटे की हा भाव ठरतोय. दीपानं ते हेरलं आणि एका दुपारी सगळ्या चिठ्ठ्यांचे पर्याय उलटसुलट केले. आणि पेठेला काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम पृथ्वीराजच्या खुर्चीत होता. मी बाकावर पेपर वाचत होतो. सलून भरलेलं. अर्धी दाढी झाली होती. पृथ्वीराजनं प्रश्न विचारला, आकारामनं ऐटीत उत्तर दिलं, ‘‘दोन.’’

‘‘चूक.’’

‘‘मग एक.’’

‘‘चूक.’’

सलूनमध्ये कुणी काही बोललं नाही. आमच्या पेठेत शांतता ही फार वाईट गोष्ट आहे, शिव्या परवडतात. आणि त्या शांततेत बाकाच्या टोकाला बसलेले एक म्हातारे गृहस्थ अगदी प्रेमानं म्हणाले, ‘‘आवो फौजदार, ह्ये तर आमच्या नातवाला बी येतंय.’’

आकाराम उठला. गळ्यातलं कापड काढलं, घडी घातली, खुर्चीवर ठेवलं आणि बाहेर पडला. एका गालावर फेस, दुसरा गाल गुळगुळीत. आम्हाला वाटलं तोंड धुवायला गेला. तो थेट स्टँडवर गेला आणि गगनबावड्याची एसटी पकडून मावशीच्या घरी जाऊन बसला.

दुपारी मावशीचा आक्काला फोन. ‘‘आकाराम आलाय. पोलिसांत आता आशी निम्मी दाढी ठेवत्यात व्हय?’’

दादांनी दुसऱ्यांदा मशीन बंद केलं. मला घेऊन ते एसटीत बसले. निघताना पृथ्वीराज धावत आला आणि त्यानं खिडकीतून वस्तरा, ब्रश आणि साबणाची वाटी आत दिली. ‘‘दादा, निम्मं काम ठिवून गिऱ्हाईक गेल्यालं हाय. मला झोप लागंना.’’ दुपारचे दोन वाजले होते, पण त्याचं दुःख खरं होतं.

गगनबावड्यात पाऊस असा पडत होता की त्याला पडणं म्हणणं अवघड. तो तिथंच राहत होता, आम्ही पाहुणे होतो. आकाराम मावशीच्या पडवीत पोत्यावर बसला होता. समोर धुकं. आम्ही आलो तरी त्यानं मान वर केली नाही.

‘‘चल,’’ दादा म्हणाले.

‘‘न्हाई दादा. मी परीक्षेला बसत न्हाई.’’

‘‘का?’’

आकाराम धुक्याकडं बघत म्हणाला, ‘‘मी न्हाई झालो फौजदार, तर मला शिव्या घालशीला त्येचं काय न्हाई. पन तुमी शिव्या घालनार न्हाई. सकाळी सलूनात बघितलं मी. बाळामावशी भाजी निवडायचं निमित्त करंल. पृथ्वीराज आरसा पुसत बसंल. तुमी मशीनचा पट्टा बघायला आत जाशीला. आख्खी पेठ माझ्याकडं बघायचं टाळंल, मला वाईट वाटू ने म्हनून. त्ये मला न्हाई सोसायचं. त्यापरास मी हितंच ऱ्हातो. हितं तसं बी कुनी कुनाला दिसत न्हाई.’’

हे खरं होतं. धुक्यात मला दादांचेसुद्धा फक्त पाय दिसत होते.

दादांनी साबणाची वाटी पन्हाळीखाली धरून भरली, आकारामच्या समोर पोत्यावर बसले आणि ब्रशनं त्याच्या राहिलेल्या गालाला फेस लावायला लागले.

‘‘खिशात चिठ्ठ्या हाईत?’’

‘‘हाईत.’’

‘‘मला इचार.’’

‘‘दादा, नको…’’

‘‘इचार म्हनतोय न्हवं? हातात वस्तरा हाय माझ्या.’’

आकारामनं ओली चिठ्ठी काढली. ‘‘ही डज नॉट… टिंब टिंब… टी. एक, लाइक. दोन, लाइक्स. तीन, लाइक्ड. चार, लायकिंग.’’

‘‘चार!’’ दादा गरजले. ‘‘लायकिंग! फुडचं.’’

‘‘चुकलं, दादा.’’

‘‘चुकू दे. फुडचं.’’

पुढचं चुकलं. त्याच्या पुढचंही. दादा प्रत्येक उत्तर असं ठोकून देत होते की क्षणभर मलाच वाटायचं, इंग्रजांचं चुकलं असेल. मावशी दाराआडून तोंडाला पदर लावून बघत होती. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा दाढीही संपली होती, आणि हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

‘‘किती चुकलो?’’

‘‘सगळी.’’

‘‘एक बी बरोबर न्हाई?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग मी तोंड चुकवलं व्हय? तुझ्याच तोंडाला हात लावून बसलोय.’’ दादांनी वस्तरा पावसात धुतला. ‘‘फ्लेक्स मी लावला. घाई माझी. चूक बी माझी. परीक्षा दे. पास हो न्हाईतर नापास हो, पेठंतनं मधोमध चालायचं. कुनी दुसरीकडं बघितलं तर त्येचं काय करायचं त्ये मी बघतो.’’

आकारामनं गालावरून हात फिरवला. ‘‘लई कापलंसा, दादा.’’

‘‘मी काय न्हावी हाय? चल.’’

परतीच्या एसटीत दादा झोपले आणि आकाराम खिडकीशी बसून पाट्या वाचत, त्यांचं मनातल्या मनात इंग्रजी करत होता. त्याच आठवड्यात वाऱ्यानं फ्लेक्स मधोमध फाटला. दादांनी तो उतरवून बाळाबाईंच्या भाजीवर ताडपत्री म्हणून बांधला, चित्राची बाजू आत. पावसाळाभर तो खाकी माणूस वांग्यांकडं बघून हसत राहिला. त्यानंतर मात्र आकारामचा अभ्यास सुधारला. बाळाबाई आता चूक म्हणजे चूक म्हणायला शिकल्या, वर एक कोथिंबिरीची काडी द्यायच्या. उन्हं कलली की आकारामच म्हणायला लागला, ‘‘मॅडम, टाकीवर अजून ऊन हाय की.’’

परीक्षेच्या दिवशी सगळी पेठ केंद्रावर आली. हलगी आणली होती, ती दीपानं गेटवर अडवली. ‘‘काका, आवाज नको. आत पोरं पेपर लिहितात.’’ मग पेपर संपेपर्यंत पेठ गेटबाहेर एक शब्द न बोलता उभी राहिली. आमच्या पेठेचा एवढा जमाव आवाज न करता उभा आहे म्हटल्यावर बंदोबस्ताचा हवालदार घाबरला आणि त्यानं दोनदा येऊन विचारलं, ‘‘पावणं, काय प्रॉब्लेम हाय का?’’

आकाराम हसत बाहेर आला. ‘‘इंग्रजी काढलं,’’ म्हणाला. ह्या खेपेला मात्र पेठेनं पुढचं वाक्य ऐकायला थांबून बघितलं. पुढचं वाक्य नव्हतं.

निकाल लागला. दीपाचं नाव होतं. आकारामचं नव्हतं.

गुण पाहिले. इंग्रजीत आकारामला दीपापेक्षा जास्त होते. ती बघतच राहिली. मग मराठीचे पाहिले, आणि आम्हा तिघांनाही एकदमच कळलं काय झालंय. एवढे महिने, एवढ्या चिठ्ठ्या, पण मराठीची एक चिठ्ठी कुणी लिहिली नव्हती. कुणी कशाला लिहील? मराठी म्हणजे आपलीच. ती येतेच. आकारामनं तर त्या भागात विचारही केला नव्हता. आपण जसं बोलतो तसं खूण करत गेला होता, आणि आपण जसं बोलतो तसं परीक्षेत काहीच नव्हतं.

दीपा मैदानी आणि मुलाखतही काढून नाशिकला प्रशिक्षणाला गेली. आकाराम पुढं शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. परदेशच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहितो, साचे कधी ओतले गेले, माल कधी धाडला जाईल. सगळं पॅसिव्ह. मी गोंदियाला आलो. हे सगळं नंतरचं. पण इथं संध्याकाळी कार्यालयातून निघालो, रस्त्यावर ओळखीचं कुणी दिसलं नाही, की मला आठवते ती निकालाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी आकारामला न्यायला गेलो होतो. तो उंबऱ्याच्या आत चपला घालून उभा होता. आक्का मागं. तिनं दार पूर्ण उघडलं.

आम्ही निघालो. कोपऱ्यावर बाळाबाई होत्या. आकारामचं पाऊल जड झालं. बाळाबाईंनी मान वर केली. बघितलं. आणि हातातला दोडका त्याच्या दिशेनं रोखला.

‘‘मराठीत? मराठीत रं? माझ्या डोळ्यादेखत ल्हानाचा मोठा झालास, माझ्याशी काय कानडीत बोलत हुतास?’’

सलूनच्या दारातून पृथ्वीराज ओरडला, ‘‘ये हिकडं! आधी तोंड दाखव तुजं!’’ रिक्षावाले उतरून आले. कुणी ‘‘शरम हाय का?’’ म्हणत होतं, कुणी ‘‘पेपरच चुकीचा हाय,’’ म्हणत होतं. आवाज एवढा झाला की पलीकडच्या पेठेतून माणसं बघायला आली. दादा कांडपातून बाहेर आले, मशीन चालूच. ‘‘पेपर हाय का तुज्याकडं? आन. आमी बघतो कसली मराठी हाय ती.’’

म्हणून सगळे तालमीत गेलो. लाल मातीभोवती गोल करून बसलो. आकाराम मध्ये उभा, हातात प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका. तो एकेक प्रश्न वाचू लागला आणि पेठ हात वर करून उत्तरं देऊ लागली.

शुद्ध वाक्य ओळखा, असा एक प्रश्न आला. आकारामनं चारही वाक्यं वाचली.

‘‘चारी चूक,’’ पृथ्वीराज म्हणाला. ‘‘आसं कोन बोलतंय?’’

‘‘पुन्यात बोलत आसतील,’’ रिक्षावाला म्हणाला.

‘‘तिसरं जरा बरं वाटतंय.’’

‘‘बरं वाटतंय म्हंजे चूक आसनार.’’

एका प्रश्नावर दादा आणि बाळाबाईंचं कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी दोघांचीही उत्तरं चुकीची निघाली. एका म्हणीचा अर्थ सगळ्यांना माहीत होता, पण तो पर्यायांत नव्हता. पेपर संपला तेव्हा आकारामनं गुण मोजले. प्रत्येकाचे वेगळे. मग त्यानं मान वर केली.

‘‘सांग,’’ दादा म्हणाले. ‘‘लाजू नगंस.’’

‘‘आख्खी पेठ नापास हाय, दादा.’’

‘‘मी?’’

‘‘तुमी सगळ्यांच्या खाली.’’

दादांनी मांडीवर थाप मारली. ‘‘बरं झालं! फौजदारकी गेली तर गेली, दुसऱ्या परीक्षा हाईत. उद्यापासनं मराठी. खुराक वाढवायचा. शिकवनार कोन?’’

सगळे एकमेकांकडं बघू लागले. दीपाला तर आता मैदानी आणि मुलाखतीची तयारी होती. पेठेत मराठी येणारं दुसरं कुणीच नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं.

‘‘पलीकडच्या पेठंत एक मास्तर हाईत,’’ बाळाबाई म्हणाल्या. ‘‘मराठीचंच.’’

‘‘मेलो तरी न्हाई!’’ दादा ओरडले.

आकारामच्या तोंडून पहिल्यांदा नुसता श्वास आल्यासारखं झालं. मग खांदे हलायला लागले. मग तो एवढा हसला की प्रश्नपत्रिका त्याच्या हातातून खाली पडली आणि तो मातीत बसला. लाल मातीनं भरलेला, डोळ्यांतून पाणी येणारा, चटणीच्या वासानं मध्येच शिंकणारा. सगळी पेठ त्याच्याकडं बघत होती. एकही माणूस दुसरीकडं बघत नव्हता.